पुढल्या दारानं

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर तुम्ही पोचता तेव्हा सूर्य अजून सह्याद्रीच्या मागे असतो. रात्रभर गाडीत बसून अंग आंबलेलं. महामार्ग, घाट, मग अरुंद डांबरी रस्ता, मग लाल माती, आणि आता पुढे कडा. रस्ता संपला.

दिवसभराची ही खास फेरी फक्त तुमच्यासाठी ठरवलेली आहे. प्रवासी एकटे तुम्ही, वाटाड्या एकच. विजयदुर्गचे एक गाबीत काका, डोक्याला टॉवेल, हाफ पँट, पायात काही नाही. जन्म मासेमारीत गेला. तुमच्या बुटांकडे ते एकदा बघतात आणि म्हणतात, "पावण्यांनु, घड्याळ काडून खिशात घाला. आज तेचा काय काम नाय."

मग नियम. "कायएक उचलूचा नाय. कोणाक कायएक सांगूचा नाय. आणि मी थांब म्हटलंय काय थांबूचा." तुम्ही मान हलवता. रस्ता इथे संपला, असं काहीतरी तुम्ही बोलून जाता. काका हसतात. "तुमी मागल्या दारान इलात. आज पुढल्या दारान जावया."

देवघळीकडे उतरणारी पाऊलवाट अवघड आहे. दोन्ही हातांना काळे कडे, मध्ये घळ, तळाशी पुळणीचा छोटासा तुकडा आणि त्यावर आदळणारी लाट. निम्म्या वाटेवर काका थांबतात, कड्यावर तळहात टेकवतात आणि तुम्हालाही टेकवायला सांगतात. दगड गार आहे. क्षणभरच. मग तो कोमट होतो, मग हात ठेववत नाही इतका तापतो, आणि लाटेचा आवाज बंद पडतो.

तुम्ही सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं मागे आहात. समुद्र नाही. पश्चिमेला जिथवर नजर जाते तिथवर जमीनच, आणि तिला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा वर येतोय. टोकदार शिखरातून उसळणारी ठिणग्यांची कारंजी इथं नाहीत. हा लाव्हा पातळ आहे, सपाट पसरतो, थंड होतो, त्यावर दुसरा थर येतो. काका वेळ भराभर सरकवतात तसे थरावर थर चढतात. हाच तो काळवत्री, ज्यावर मघाशी तुमचा हात होता. मग पश्चिमेकडची जमीन तडकते. भारताचा एक तुकडा सुटतो आणि दूर जाऊ लागतो, फटीत पाणी शिरतं. तो तुकडा म्हणजे आजची सेशेल्स बेटं, इथून तीन हजार किलोमीटरच्या आसपास. घर बांधून होण्याआधी त्याचं पुढचं दार उघडलं गेलं, असा हा प्रकार. या घटनेला लाखो वर्षं लागली. काका ती पाच मिनिटांत उरकतात, कारण त्यांच्या मते तिथं बघण्यासारखं माणूस नावाचं काही नसतं.

वर परत येताना पायाखालचा दगड लाल होतो. हा जांभा. काळ्या खडकावर कोट्यवधी पावसाळे कोसळले, त्यांनी सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे ठेवलं, आणि राहिलं ते हे सच्छिद्र, गंजल्या रंगाचं कवच. कोकणातली घरं याच्या चिऱ्यांची, आणि हापूसची मुळं याच्याच फटींत. शेतीच्या दृष्टीनं सडा म्हणजे ओसाडी. पण एवढा मोठा सपाट, मोकळा दगड दुसऱ्या कोणाला तरी फार उपयोगाचा वाटला होता.

"थांबा," काका म्हणतात.

गवत उंच झालंय. झाडी जवळ सरकलीय. समुद्राचा वास येतो, पण तो दिसत नाही. हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून खाली गेली होती; मग तो हळूहळू चढत आला. तुम्ही त्या चढत्या पाण्याच्या काळात कुठेतरी उभे आहात. अभ्यासक बोट दाखवतात ते मध्याश्मयुगाकडे. समोर एक माणूस उकिडवा बसलाय. हातात टोकदार गारगोटी. तो जांभ्यावर ठोकतो, उकरतो, फुंकर मारून भुगा उडवतो, पुन्हा ठोकतो. त्याच्या रेषेचा माग काढत तुम्ही चालू लागता. रेषा वळते, सरळ जाते, पुन्हा वळते. बरंच चालून झाल्यावर तुमच्या ध्यानात येतं की तुम्ही एका पायावरून पोटाकडे आलात आणि आता सोंडेच्या दिशेनं निघालात.

हा कशेळीचा हत्ती, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. त्याच्या आत इतर प्राण्यांची दाटी आहे. कोकणातल्या या कातळशिल्पांमध्ये गेंडा आहे, जो आज इथं औषधालाही सापडत नाही. वाघ आहे, मोर आहे. आणि शार्क आहे, पाकट आहे, कासव आहे. सडा आणि समुद्र हे दोन वेगळे प्रांत आहेत असं या माणसाला वाटत नव्हतं, हे उघड आहे. मला सगळ्यात नवल वाटतं ते त्याच्या मापाच्या हिशेबाचं. हा हत्ती जमिनीवर उभं राहून पूर्ण दिसतच नाही. उंच जागा जवळ नाही. ज्यानं तो काढला त्यानंही तो आपल्या डोळ्यांनी अख्खा पाहिला नसावा, आणि तरी पाय जागच्या जागी आहेत.

तुम्हाला त्या माणसाला विचारायचंय, कशासाठी? काका तुमचा दंड धरतात. नियम.

पुढची कित्येक शतकं ही चित्रं गुरं चारणाऱ्यांना ठाऊक होती, एखाद्या ठिकाणाला पांडवांचं नावही चिकटलं, पण अभ्यासाच्या नकाशावर ती आली गेल्या काही दशकांत, रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या माणसांनी सडे पायी तुडवले तेव्हा. २०२२ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आठ आणि गोव्यातल्या एका जागेचं नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं. कशेळी त्यातली एक. तोवर चिऱ्याच्या खाणींनी किती हत्ती घरांच्या भिंतींत गेले, ते विचारायची सोय नाही.

कनकादित्याच्या देवळाशी काका फार रेंगाळत नाहीत. सूर्याची ही मूर्ती सौराष्ट्राकडून गलबतातून आली, गलबत इथं आल्यावर पुढे हलेना, म्हणून मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत उतरवली, अशी गावाची कथा. कथा आहे, तशी ऐकावी. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे ११९१ चा ताम्रपट मात्र खरा आहे आणि तो कशेळीचाच. इथला देवसुद्धा कथेत येतो तो समुद्रावरून. घाटावरून नाही.

जैतापूरच्या खाडीवर गाडी पुलावरून जाते. काका खिडकीबाहेर हात काढून फक्त एवढंच म्हणतात, "हयसून वर राजापूर," आणि पाण्यावर १६६१ साल येऊन जातं. गोऱ्या व्यापाऱ्यांची वखार, मिरी, कापड, आणि दारात उभी मराठी फौज. आदल्या वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात हेन्री रेव्हिंग्टननं इंग्रज निशाण लावून सिद्दी जौहरच्या बाजूनं तोफा डागल्या होत्या. आता शिवाजी महाराज त्याची किंमत वसूल करताहेत: वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टन सोबत्यांसह कैदेत. पूल संपतो, साल संपतं.

वाघोटण खाडीचा उत्तर काठ. इथं जेवण. काकांच्या डब्यात तांदळाची भाकरी, सुक्या सुंगटांची किसमूर आणि कांदा. समोर, पाण्यापलीकडे, खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग बसलाय. तीन बाजूंनी पाणी, एका अंगानं जमिनीशी जोडलेला, एकामागं एक चढत गेलेले तिहेरी तट. इंग्रजांच्या कागदांत याचं नाव घेरिया. शिलाहारांच्या काळापासून इथं किल्ला असल्याचं सांगतात. शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेऊन वाढवला. आंग्र्यांच्या काळात तर इंग्रजांनी १७१७ आणि १७२० मध्ये, डचांनी १७२४ मध्ये डोकं आपटून पाहिलं. किल्ला जागचा हलला नाही. मुंबईच्या गव्हर्नरनं खास बांधून घेतलेला तरंगता तोफखानाही फुकट गेला.

होडी उत्तर काठानं आत जाते. काका इंजिन बंद करतात आणि वल्हं हातात घेतात, म्हणजे काळ बदलणार हे तुम्ही आता ओळखता.

डिसेंबर १७५५. पलीकडच्या काठावर, गिर्ये गावाच्या बाजूला, खडक कोरून केलेली गोदी आहे, लांबीला शंभर मीटरच्या आसपास. भरतीबरोबर जहाज आत घ्यायचं, ओहोटी लागली की तळ उघडा पडतो, मग कामाला लागायचं. या क्षणी आत एक गुराब कलली आहे. पुढे निमुळतं, पाण्यावर झुकलेलं नाक, त्यावर समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. तळ उथळ, म्हणून मोठी युरोपी जहाजं जिथं खडकाला घासतील तिथं ही बिनधास्त फिरते. बाजूला वल्ह्यांची गलबतं. वारा पडला की गलबतांनी गुराबेला ओढायचं आणि शत्रूच्या मागच्या अंगाला, जिथं त्याच्या तोफा कमी, तिथं नेऊन लावायचं. सुतार ओरडताहेत, सागवान चिरलं जातंय, तळाला चिकटलेली कालवं खरवडली जाताहेत. ही माणसं काकांसारखंच बोलतात. काका त्यांच्याकडे बघतात तेव्हा नियम मोडायचा मोह त्यांनाही होतो, असं तुम्हाला वाटतं.

मग ते मुखाकडे बोट दाखवतात. बाहेर समुद्रात कंपनीची जहाजं, पैकी एकावर कमोडोर विल्यम जेम्स. तोफ नाही, धूर नाही. शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडतात, वर घेतात, काहीतरी लिहितात.

"खाडी कितकी खोल असा ता मोजतत," काका म्हणतात. आवाज खाली गेलाय.

किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली एक दगडी भिंत आहे, सुमारे १२२ मीटर लांबीची. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शोधात ती सापडली. हल्ला करायला आलेली जहाजं तिच्यावर आपटून फुटत, असं गावात अभिमानानं सांगतात. पण ज्याच्याकडे दोरी आणि शिसं आहे आणि ज्याला कोणी हटकत नाही, त्याला भिंत चुकवता येते. जेम्सनं परत जाऊन कळवलं की किल्ला मोठा आहे, पण ऐकीव होता तितका अजिंक्य नाही, आणि जहाजं तोफेच्या टप्प्यात जाऊ शकतात. विजयदुर्ग पडला तो या दिवशी. फेब्रुवारीत फक्त आवाज झाला.

तो आवाजही तुम्ही ऐकता. १२ फेब्रुवारी १७५६, दुपार. ॲडमिरल वॉटसनची आरमारी जहाजं आणि कंपनीची जहाजं खाडीत शिरून किल्ल्यासमोर रांग धरतात. जमिनीवर उतरायला फौज तयार आहे, तिच्यावर रॉबर्ट क्लाइव्ह. आणि किल्ल्याच्या जमिनीकडच्या बाजूला छावणी टाकून बसलेली फौज पेशव्यांची! १७५५ मध्ये नानासाहेबांनी मुंबईकर इंग्रजांशी तुळाजी आंग्र्याविरुद्ध करार केला होता. तुळाजीनं पेशव्यांना कमी छळलेलं नव्हतं. त्यांचा मुलूख लुटला, त्यांचं वर्चस्व झुगारलं, हे सगळं मान्य. तरी पुढल्या दाराची कडी आतून काढून देताना बाहेर कोण उभं आहे ते पाहायला हवं होतं. खुद्द तुळाजी या क्षणी किल्ल्यात नाही. तो बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेलाय आणि तिथंच अडकलाय.

गोळे सुरू होतात. तुमच्या होडीखालचं पाणी दर धडाक्याला थरथरतं. आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला, एकमेकांना बांधून नांगरलेलं आहे. उखळी तोफेचा एक गोळा वर चढतो, वळतो आणि एका जहाजावर पडतो. हे जहाज ‘रेस्टोरेशन’, कंपनीचंच; आंग्र्यांनी काही वर्षांपूर्वी पकडून आणलेलं. ते पेटतं. दोरखंड पेटतात. शेजारचं पेटतं. गुराबा, गलबतं, एकाला सोडवायला जावं तर दुसरं पेटलेलं. किल्ल्यात दारूगोळा आहे, माणसं आहेत, तटही शाबूत आहेत, पण सगळे पाण्याकडे बघत उभे आहेत.

तुम्ही ओरडायला तोंड उघडता. दोर तोडा! निदान दोर तोडा!

"आरडून काय उपेग नाय," काका म्हणतात. "तेंका आयकाक येवचा नाय."

अंधार पडतो तो पडतच नाही. खाडी या काठापासून त्या काठापर्यंत नारिंगी. रात्रीच क्लाइव्ह फौज घेऊन किनाऱ्यावर उतरतो. त्याला घाई आहे ती आंग्र्यांची नव्हे, मित्र मराठे आधी किल्ल्यात शिरू नयेत याची. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा, संध्याकाळपर्यंत किल्ला इंग्रजांच्या हातात. आतली लूट सुमारे दहा लाख रुपयांची, ती त्यांनी आपसात वाटून घेतली. किल्ला पेशव्यांना मिळायला ऑक्टोबर उजाडला, आणि तोही बाणकोटच्या बदल्यात. पुढे आनंदराव धुळपांनी इथूनच मराठी आरमार चालवलं, चांगलं चालवलं. पण या रात्री जे जळलं तेवढं पुन्हा उभं राहिलं नाही. तुळाजी उरलेलं आयुष्य कैदेत होता. वॉटसन आणि क्लाइव्ह इथून पुढे बंगालकडे गेले, आणि दीड वर्षाच्या आत प्लासी झाली. शाळेत तुम्ही प्लासी शिकलात. घेरियाची ओळ पुस्तकात होती का, आठवून पाहा.

काका इंजिन चालू करतात. त्याची फटफट कधी नव्हे ती बरी वाटते.

विजयदुर्गात ते तुम्हाला साहेबाच्या कट्ट्यावर नेतात, आणि तुमच्या लक्षात येतं की इथं त्यांची छाती फुगलीय. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर नावाच्या साहेबानं इथून हेलियमचा शोध लावला, असं ते सांगतात. गावात दर वर्षी त्या तारखेला कार्यक्रमही होतो. आता वाटाड्याला खोटं पाडणं शिष्टाचाराला धरून नाही, म्हणून हे त्यांच्या माघारी: त्या ग्रहणाची वर्णपटातली मोठी निरीक्षणं पिएर जॅन्सेननं केली ती गुंटूरला. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होता. सूर्याच्या कडेचा वर्णपट त्यानं तिथूनच ऑक्टोबरमध्ये घेतला, ग्रहणाशिवाय. तो ग्रहण पाहायला भारतात आला १८७१ मध्ये, केरळातल्या बेकलला. ऐन श्रावणात कोकणच्या आभाळाकडे दुर्बीण लावून बसायची कल्पनाच मुळात धाडसी आहे. विजयदुर्गाला सांगण्यासारखं इतकं असताना हा उसना तारा कशाला, असं मला वाटतं. पण काकांच्या चेहऱ्याकडे बघून तुम्हीही काही बोलत नाही.

धक्क्यावर या. शेवटची उडी जवळची आहे, सत्तरेक वर्षांची.

मे संपत आलाय. धक्का माणसांनी भरलाय. वळकट्या, ट्रंका, फणस, गवतात रचलेले आंबे, कोंबडीची पिल्लं, रडणारी पोरं, आणि त्यांच्याहून जास्त रडणाऱ्या आज्या. चाकरमानी मुंबईला निघालेत, कारण पाऊस लागला की आगबोटी बंद. गिरणीत, गोदीत, कुणाच्या तरी खोलीवर दहा-बारा जणांत त्यांची जागा ठरलेली. इथून पुणं म्हणजे लांबचं गाव. मुंबई मात्र एका रात्रीवर, कारण मुंबई समुद्रावर आहे आणि आपणही. दाणे, कौलं, वर्तमानपत्रं, लग्नाच्या पत्रिका, आजाऱ्याची औषधं, सगळं या पाण्यावरून ये-जा करतं. पुढं ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ आल्या आणि त्याही थांबल्या. रस्ता आला, एसटी आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे आली, आणि ती गेली आतल्या अंगानं, बंदरांपासून दूर. घराची दिशाच फिरली. पण ते नंतर.

"बोट इली!" कोणीतरी ओरडतं.

ती खाडीत लांब थांबते. तिच्यापर्यंत जायचं ते पडावातून. तुम्हाला कोणी विचारत नाही. गर्दीच तुम्हाला पडावात उतरवते. शेजारी एक म्हातारी बसलीय, तिच्या मांडीवरची आंब्याची पाटी आता निम्मी तुमच्या मांडीवर. "बोट लागता काय रे तुका?" ती विचारते आणि उत्तराची वाट न बघता तुमच्या हातात लिंबू कोंबते. तांडेल शिव्या देत पडाव बोटीच्या अंगाला लावतो. पडाव वर जातो, बोटीची शिडी खाली, मग उलटं. वरचा खलाशी वाकून हात पुढे करतो. "हात दिया, हात! आता! आता!"

तुम्ही उडी मारता. म्हातारी वर येते, पाटी येते, पाटीतले दोन आंबे समुद्राला जातात. डेकवर लोक आधीच वळकट्या उलगडून जागा अडवताहेत. दोन बिऱ्हाडांमध्ये वीतभर फळीवरून भांडण पेटलंय आणि म्हातारीनं त्या वीतभर जागेवर तुम्हाला बसवलंसुद्धा.

काका मात्र पडावातच आहेत. ते वर येणार नाहीत, त्यांचं घर इथं आहे. तुम्ही कठड्यावरून वाकून ओरडता की फेरीचे पैसे द्यायचे राहिले.

"आता नको," ते खालून हात हलवतात. "मुंबयक पोचल्यार धाडा. मनीऑर्डरीन!"